दुभंगलेलें मन आणि देवाची शांति

मनन: याकोबाचें पत्र, अध्याय १, वचन ८.



ठाण्यास माजिवडा नांवाचें ठिकाण आहे. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज उंच इमारती उभ्या आहेत. मुंबईहून येणारा हमरस्ता येथें फुटतो. एक वाट भिवंडीवरून नाशिकाकडे जाते, दुसरी घोडबंदराकडे वळते. या नाक्यावर उभा राहून कोणी दोन्ही वाटांनीं एकदम जाऊं पाहील, तर तो कोठेंच पोहोंचणार नाहीं, आणि एक कोसही न चालतां थकून जाईल. प्रेषित याकोब दोन मनांच्या मनुष्याविषयीं जें सांगतो तें हेंच: त्याचें पाऊल कोणत्याही वाटेवर स्थिर पडत नाहीं.

आजकाल मनावरील ताणाची तक्रार शहरांत ऐकूं येते तशी खेड्यांतही ऐकूं येते. झोप लागत नाहीं, जेवण गोड लागत नाहीं, घरांत लहानशा गोष्टीवरून राग येतो. काम, कर्ज, पिकाची नासाडी हीं कारणें खरींच आहेत. आजार असल्यास वैद्याकडे गेलेंच पाहिजे. त्यांत विश्वासाची उणीव नाहीं. परंतु एक कारण बहुधा झांकलेलें राहतें. आपण जें खरें मानितों त्याच्या उलट रोज वागतों, आणि या ओढाताणीनें जीव शिणतो.

समजा, एखादा बंधु गोदामांत हिशेब लिहितो. रविवारीं तो प्रभुभोजनास बसतो आणि सोमवारीं धन्याच्या सांगण्यावरून शंभर पोत्यांच्या जागीं नव्वद मांडितो. त्याला पोत्यांचा भार होत नाहीं. दोन वह्यांचा होतो. एक वही गोदामांत आहे, दुसरी त्याच्या अंतःकरणांत. कोणापाशीं काय बोललों हें त्याला सदा ध्यानांत ठेवावें लागतें, आणि दारावर थाप पडली कीं छाती धडधडते. तसेंच जी बहीण साधेपणाची साक्ष देते आणि लोक हंसतील म्हणून मुलीच्या लग्नासाठीं सावकाराचें ऋण काढिते, किंवा जो उपदेशक क्षमेवर बोलतो आणि शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशीं अबोला धरितो, त्यांचेंही असेंच आहे.

कै. नारायण वामन टिळक यांचें चरित्र येथें बोधप्रद आहे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकिलें. परंतु पत्नी, मूल, आप्त आणि जात यांचा विचार समोर उभा राहिला, आणि मनांत एक व जगापुढें दुसरें अशी ओढाताण सुमारें दोन वर्षें चालली. शेवटीं ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यानंतर त्यांचे दिवस सुखाचे झाले असें आम्ही म्हणत नाहीं. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई व पुत्र यांचा कांहीं वर्षें वियोग झाला. त्या दुःखाची हकीकत लक्ष्मीबाईंनीं आपल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथांत मोकळेपणानें लिहून ठेविली आहे. पुढें त्या पतीजवळ आल्या आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःही बाप्तिस्मा घेतला. यावरून दिसतें कीं, सत्यानें वागल्यास बाहेरचीं संकटें वाढूंही शकतात. मात्र आंतील वैर मिटतें. आणि ज्याच्या आंत वैर नाहीं त्याला बाहेरचा भार उचलण्यास बळ उरतें. फेलिक्स सुभेदारापुढें बंदिवान म्हणून उभा असतां पौलानें आपण देवापुढें व मनुष्यांपुढें शुद्ध विवेक राखण्याची खटपट करितों असें सांगितलें. शुद्ध विवेक कष्टानें राखावा लागतो, हें त्या थोर प्रेषितासही ठाऊक होतें.

तर आपण काय करावें? प्रथम प्रार्थना करून, देवापुढें आपण कोणत्या तीन-चार गोष्टी खऱ्या मानितों त्या कागदावर लिहाव्या. लिहितां येत नसेल त्यानें उपदेशकाकडून किंवा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्याव्या. मग मागील आठ दिवसांत आपला वेळ, पैसा आणि शब्द कोठें खर्च झाला तें पाहावें. जेथें कागद आणि करणी जुळत नाहीं, अशी एकच जागा निवडून या आठवड्यांत नीट करावी. सर्व जीवन एका दिवसांत सुधारण्याचा हट्ट धरूं नये. तोही नवा भार होतो.

एक गोष्ट मंडळीस सांगणें आहे. त्या हिशेबनिसानें उद्यां खोटी नोंद नाकारिली आणि त्याची नोकरी गेली, तर त्याच्या चुलीची काळजी कोण वाहणार? खरें बोलून ज्याची भाकर गेली त्याच्या घरीं आपण धान्याची पायली पोहोंचविली नाहीं, तर आपला उपदेश पोकळ होय. सत्याची वाट एकट्यास कठीण आहे; म्हणूनच प्रभूनें मंडळी स्थापिली.

प्रभु येशू आपणां सर्वांस एकचित्त करो, आणि आपले ओंठ, आपले हात व आपलें अंतःकरण यांचा समेट घडवो. आमेन.