ज्ञानाचे स्वामित्व कोणाचे?

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपल्याकडे इतक्या प्रसंगी उच्चारले जाते की, ती कोणी, कोणास व कोणत्या अटीवर द्यावयाची हे विचारण्याचे कोणास स्मरणच राहत नाही. तो प्रश्न आता राष्ट्रीय धोरणाच्या रूपाने आपल्यापुढे आला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस संमती दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ १३,००० संशोधनपत्रे ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्थांस व संशोधनसंस्थांस एकदम खुली करावयाची, असा हा संकल्प आहे. सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांस त्याचा लाभ व्हावा, अशी अपेक्षा आहे. जी नियतकालिके पूर्वी मोठ्या संस्थांच्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळत, ती तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्यास वाचता यावीत, ही गोष्ट लहान नव्हे; तिची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही.

तथापि हा व्यवहार मुळात कसा आहे ते पाहावे. शेत सरकारचे, बी सरकारचे, राबणारा गडी सरकारी पगारावर, आणि पाखडणीही शेजाऱ्यांनी फुकट करून दिलेली. कारण लेखाचे परीक्षण करणारे तज्ज्ञ बहुधा काही मोबदला घेत नाहीत. एवढे होऊन धान्य मात्र ज्याने पोती शिवली त्याच्या कोठारात जावयाचे, आणि सरकारने ते रोख दाम मोजून परत आणावयाचे! पोती शिवण्यास खर्च येतो, हे मान्य. संपादन, मांडणी, सूची, जुने अंक जतन करणे ही कामे फुकट होत नाहीत. परंतु त्या कामाची मजुरी म्हणून पिकाचीच मालकी द्यावी, हा न्याय कोठला?

यावर नेहमी असे उत्तर देण्यात येते की, पैसा करदात्याने दिला, सबब फळही त्याचेच. हा युक्तिवाद सभेत टाळ्या मिळविणारा आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने तो कच्चा आहे. रणगाडाही करदात्याच्याच पैशाने येतो. म्हणून त्यावर स्वार होण्याचा हक्क कोणी मागत नाही. शिवाय ज्याचे द्रव्य त्याचे ज्ञान असे एकदा ठरले, म्हणजे ब्राझीलच्या खजिन्यातून झालेले संशोधन भारतीय डॉक्टराने कोणत्या तोंडाने मागावे? आणि जो अधिक कर भरतो त्याचा ज्ञानावरील हक्कही अधिक मानावा काय?

माझ्या मते या हक्काचे मूळ अन्यत्र आहे. जो एखादा सिद्धान्त मांडतो, त्याने तो कोणाही जाणत्यास खोडून काढता येईल अशा रीतीने उघड्यावर ठेवला पाहिजे. एरवी त्याच्या म्हणण्यात आणि गुप्त औषधाच्या पुड्या विकणाऱ्या वैदूच्या म्हणण्यात, प्रमाण या दृष्टीने, अंतर राहत नाही. वैदूही आपले औषध रामबाण असल्याचे सांगतोच. आत काय घातले ते तेवढे सांगत नाही. आणि येथे राज्यसत्तेचा संबंध येतो. आजचे सरकार नागरिकास ज्या आज्ञा करते, त्यांपैकी कित्येक संशोधनाच्या आधारावर करते: ही लस टोचून घ्या, हे कीटकनाशक वापरू नका, या खोऱ्यात घरे बांधू नका. ज्या प्रमाणाच्या जोरावर आज्ञा होते ते प्रमाण पाहण्याचा अधिकार आज्ञा पाळणाऱ्यास असला पाहिजे. त्यास ते समजेल की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. न्यायालयाचे निर्णयही सर्वांस समजतात असे नाही; म्हणून कोणी ते कुलपात ठेवीत नाही.

२०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या विज्ञानधोरणाच्या मसुद्यात या तत्त्वाची जाणीव होती. सामूहिक वर्गणीचा लाभ देशातील प्रत्येक व्यक्तीस मिळावा, असा त्याचा आशय होता. चार वर्षांनी योजना आली तेव्हा ‘प्रत्येक व्यक्ती’च्या जागी संस्थांची यादी आली. खासगी दवाखाना चालविणारा डॉक्टर, सेवानिवृत्त शिक्षक, विस्थापित गावाचा दावा लढविणारा वकील, हे सर्व त्या यादीबाहेर आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत हिंडले, ते कोणत्या सरकारी संस्थेच्या हजेरीपटावर नाव घालून नव्हे. आज ते असते, तर या दरवाजावर त्यांस ओळखपत्र विचारले गेले असते.

दोष एकट्या प्रकाशकांचा मात्र नाही. रामन यांनी १९२६ साली कलकत्त्यास ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ सुरू केले, आणि १९२८ साली आपल्या शोधाचे सविस्तर निवेदन त्याच पत्रात छापून त्याच्या प्रती परदेशच्या शास्त्रज्ञांकडे धाडल्या. शोधाच्या तेजाने पत्रास प्रतिष्ठा आली. आता तेच पत्र स्प्रिंगर या परदेशी प्रकाशनसंस्थेमार्फत निघते, आणि पत्राच्या प्रतिष्ठेवरून शोधाची किंमत ठरविण्याची चाल आपल्या निवडसमित्यांत रूढ झाली आहे. लेख न वाचता तो कोठे छापला एवढेच पाहावयाचे! ही चाल ज्यांनी पाडली ते प्राध्यापकच होत. ती मोडण्यास मंत्रिमंडळाच्या ठरावाची गरज नाही.

काही पत्रांनी वाचकाऐवजी लेखकाकडून शुल्क घेण्यास आरंभ केला आहे, आणि अशा प्रकाशनास साह्य करण्याची तरतूदही या योजनेत आहे. त्यामुळे वाचकाचे दार उघडते हे खरे; पण लेखकाचे दार बंद होण्याचा संभव आहे. ज्याच्यामागे अनुदान नाही त्याने बोलूच नये, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. ब्राझीलने १९९७ पासून ‘सायलो’ या संग्रहाच्या द्वारे निराळा मार्ग धरला. तेथे पत्रे चालविण्याचा भार बहुतांशी सार्वजनिक निधीने व विद्यापीठांनी उचलला आणि वाचकास मूल्य पडू दिले नाही. आपल्याकडेही यास अगदीच आधार नाही असे नव्हे. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांस मोफत वाचता येतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्येच असे धोरण जाहीर केले होते की, त्यांच्या साह्याने झालेल्या संशोधनाचा स्वीकृत लेख संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवावा. त्यास खर्च फारच थोडा. धोरण कागदावर उत्तम आहे. परंतु ते न पाळल्यामुळे कोणाचे अनुदान अडले असे ऐकिवात नाही.

वर्गणीच्या कराराची मुदत २०२७ अखेरची आहे. त्या वेळी प्रकाशक नवा भाव सांगतील, आणि तीन वर्षांत ज्यांस त्या पत्रांची सवय लागली असेल ती एक कोटीहून अधिक माणसे सरकारच्या तोंडाकडे पाहत असतील. आपल्या संस्थांची भांडारे तोवर भरलेली असली, तर निदान आपल्या देशात झालेल्या कामापुरता सौदा करण्याचा प्रसंग सरकारवर येणार नाही.