चहातली साखर

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं मोबाईलमधलं अ‍ॅप सांगतं. मी लिहितो : सकाळचा गोड चहा. पण आभार कुणाचे? आमच्या पाटोदा तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्यांना ‘आहे त्यात समाधान माना’ असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. मग माझी नोंद खोटी का? नाही. चहा गोडच लागतो, तो सुखानं प्यावा. फक्त नोंदीत चहापुढे कोयताही लिहावा. मग नुसते आभार मानून भागत नाही. त्यांच्या मजुरीचं काय, हेही विचारावं लागतं.