आरशासारखी फरशी

पारनेरच्या घरात हौसेनं मकराण्याचा संगमरवर बसवला आणि त्या दिवसापासून घर फरशीचं झालं, आम्ही भाडेकरू! संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. लिंबाचा थेंबसुद्धा त्याला खातो, अन् तो डाग पुसून जात नाही. म्हणून ॲसिड वर्ज्य. पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, की लगेच कोरडं!

परवा उन्हातून आलेल्या पोस्टमनला लिंबाचं सरबत मी बाहेर पायरीवरच दिलं. "बरं वाटलं, साहेब," तो म्हणाला. तेव्हा आठवलं, १८८० साली याच गावात जन्मलेले सेनापती बापट हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडायचे.

आमची फरशी आरशासारखी लखलखते. हल्ली मी तिच्यावरून मान वर करूनच चालतो.