किल्ली कुणाची?

कोथरूडमधल्या एका जुन्या घराचा व्हरांडा. मामांनी चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली, आता घरीच असतात. भाचा जुन्या फ्लॅटांच्या खरेदी-विक्रीची कामं करतो. लोक त्याला तोंडावर एजंट म्हणतात आणि पाठीमागे दलाल. टिपॉयवर निवलेला चहा आहे आणि त्याच्याशेजारी लाल दोरा बांधलेली एक किल्ली.

मामा : ही कुणाची रे?

भाचा : एका आजींची. इथलाच वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या नाशिकला लेकीकडे असतात. किल्ली हातात देऊन म्हणाल्या, "तूच काय ते बघ बाबा, मला यातलं काही कळत नाही."

मामा : मग बघ की. अडलंय कुठे?

भाचा : पोटात अडलंय. आजी म्हणाल्या, 80 लाख सांग, पण 75 आले तरी देऊन टाक. गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, दिवाळीच्या आत पैसे हवेत. आणि घेणारी पार्टी म्हणते, घासाघीस करा, पण 85 पर्यंत गेलं तरी हा फ्लॅट सोडू नका.

मामा : म्हणजे दोघांचे पत्ते तुझ्याच हातात.

भाचा : ते नेहमीचंच आहे. तेवढंच असतं तर तुमच्याकडे आलो नसतो. पार्टी 85 ला का तयार आहे, ते काल तिनेच सांगितलं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला जायच्या बेतात आहे. बिल्डरचा प्रस्ताव कमिटीपुढे आलाय आणि त्या बिल्डरच्या ऑफिसात हिचा मित्र आहे. वर मला म्हणते, "म्हातारीला बोलू नका." आजींना पत्ताच नाही. मीटिंगची नोटीस लागली जिन्यातल्या बोर्डावर, ती नाशिकहून कशी दिसायची?

मामा : दलाली कुणाकडून घेणार आहेस?

भाचा : दोघांकडून, दोन-दोन टक्के. त्यात लपवाछपवी नाही, दोघांनाही ठाऊक आहे.

मामा : पैसे दोघांचे घेतोस, हे ठाऊक आहे. बाजू कुणाची घेतोस, हे?

भाचा : ते कुणी विचारतच नाही. पैसे देणाऱ्याची बाजू, असंच लोक धरून चालतात.

मामा : पैशावरून माणूस ओळखता येत नाही. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असं सरकारने ठरवलं. म्हणून अडत्या एका रात्रीत खरेदीदाराचा झाला का? नव्या इमारतीत कमिशन बिल्डर देतो. घर घेणाऱ्याला वाटतं, एजंट फुकटात माझ्यासाठी उन्हातान्हात हिंडतोय.

भाचा : खरं सांगू? मी दोघांचाही नसतो. पाच लाख इकडचे तिकडे झाले तर आजींच्या ऑपरेशनचा खर्च सुटतो. मला एका बाजूच्या दोन टक्क्यांनी दहा हजारांचा फरक पडतो. पण सौदाच फिसकटला तर 80 लाखांवर दोन्ही बाजूंचे मिळून 3 लाख 20 हजार बुडतात. त्यामुळे भाव कितीही ठरो, सौदा झाला पाहिजे. मी सौद्याचा माणूस आहे.

मामा : हे आजींना सांगितलंस?

भाचा : असं कोण सांगतं?

मामा : तू महारेराची परीक्षा दिलीस ना?

भाचा : हो, 2023 मध्ये ती एजंटांना लागू झाली. पण आजींचा फ्लॅट जुना, रीसेलचा. रेरा कायद्याचा रोख नोंदणी झालेल्या प्रकल्पांवर आहे.

मामा : रोख कुठेही असो, त्यातली एजंटची व्याख्या वाच. एका व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याशी वाटाघाटी करतो, तो एजंट. घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देतो, तोही एजंट. कामं दोन आणि पाटी एकच. गाठ दोघांची घालता येते. वाटाघाटीत मात्र माणूस कुणातरी एकाच्याच बाजूला बसतो. आजींनी तुला बसवलं आपल्या बाजूला, आणि पार्टीनेही आपल्याच बाजूला.

भाचा : आणि मी दोन्ही खुर्च्यांवर बसलो.

मामा : तुझीच गोष्ट इंग्रजांनी लिहून ठेवलीय. 1872 चा करार कायदा, कलम 215, त्याखालचं उदाहरण. मालक एजंटला जमीन विकायला सांगतो. एजंट जमीन बघायला जातो, तर तिथे खाण निघते. मालकाला ते माहीत नाही. एजंट म्हणतो, मीच घेतो ही जमीन, आणि खाणीचं मात्र बोलत नाही. मालक हो म्हणतो. पुढे कळल्यावर तो व्यवहार मोडायचा की राखायचा, ही मालकाची मर्जी.

भाचा : पण मी कुठे घेतोय? घेतेय पार्टी.

मामा : म्हणून ते कलम जसंच्या तसं तुला लावता येणार नाही. खाण मात्र आहेच. आपल्याकडे ती जमिनीखाली नसते, डोक्यावर असते. तिला एफएसआय म्हणतात, म्हणजे वर आणखी बांधायची मुभा.

भाचा : मामा, ही खाण नाही, खाणीची अफवा आहे. वर्षानुवर्षं अडकलेल्या सोसायट्या मी तुम्हाला याच रस्त्यावर दाखवतो. मी सांगितलं, आजी अडून बसल्या, पार्टी गेली आणि रीडेव्हलपमेंटही बारगळलं, तर गुडघ्यांचं काय?

मामा : मग अफवा म्हणून सांग. तिच्यावर किती विसंबायचं, ते घर जिचं आहे ती ठरवेल. तिच्या वतीने तू ठरवू नकोस. शिवाय कलम 229 आहेच. मालकाचं काम करताना एजंटला जे कळलं, ते तिसऱ्या माणसापुरतं मालकालाच कळल्यासारखं धरतात. उद्या भांडण झालं तर समोरचा वकील म्हणेल, आजींना कसं माहीत नव्हतं? त्यांच्या एजंटला तर माहीत होतं!

भाचा : म्हणजे आजींना न सांगताच कळलेलं असेल?

मामा : तुझं गप्प राहणं त्यांच्या खात्यावर मांडलं जाईल.

भाचा : बरं. पण मग दुसरी बाजू घ्या. आजींना खाण सांगायची, तर पार्टीला गुडघे का नाही सांगायचे? दोन्ही गोष्टी विश्वासानेच सांगितलेल्या आहेत.

मामा : तू बैलबाजार पाहिलायस?

भाचा : लहानपणी आजोबांबरोबर. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा.

मामा : रुमालाखाली काय असायचं?

भाचा : आकडा.

मामा : आणि बैल?

भाचा : बैल उघड्यावर. त्याचे दात सगळ्यांसमोर मोजायचे.

मामा : झालं तर. कुणाला किती गरज आहे, कोण कितीपर्यंत जाईल, तो आकडा. तो रुमालाखाली राहू दे. रीडेव्हलपमेंट हे बैलाचे दात आहेत. पार्टी गप्प राहिली तर तिची चतुराई म्हणू, कारण किल्ली तिला कुणी दिलेली नाही. तू गप्प राहिलास तर तो दगा.

भाचा : मग हा सौदाच सोडतो. दोघांनाही नमस्कार.

मामा : तेही चालेल.

भाचा : नाही चालणार, मामा. पार्टी उद्या दुसऱ्या एजंटला धरेल, आजी आठवड्यात विसारपावतीवर सही करतील. माझे हात स्वच्छ राहतील आणि आजी बुडायच्या त्या बुडतीलच. ही माझी सोय झाली, त्यांची नाही.

(मामा बराच वेळ बोलत नाहीत.)

मामा : हे मला सुचलं नव्हतं. मग काय करशील?

भाचा : आधी पार्टीला फोन. तोंडावर सांगतो, मी आजींचा माणूस आहे, हे मी तुमचं ऐकून घेण्याआधी सांगायला हवं होतं. तुमची दलाली मला नको. तुमच्या मित्राचं नाव माझ्याकडून फुटणार नाही. पण सही करण्याआधी सोसायटीची मिनिट्स वाचा, असं मी आजींना सांगणार.

मामा : सभासदाचा तो हक्कच आहे. 1960 चा सहकारी संस्था कायदा, कलम 32. कमिटीच्या सभेचीसुद्धा मिनिट्स बघता येतात. आणि पार्टीचे 85? आजींचा माणूस झालास तर तेही सांगायला नको का?

भाचा : ते नाही सांगणार. तिने मला आपला समजून सांगितलं होतं.

मामा : तेव्हाही किल्ली तुझ्याच खिशात होती.

भाचा : होती. म्हणून कुणाचं तरी थोडं नुकसान माझ्या हातून होणारच. सगळं निस्तरता येईल अशी वेळ निघून गेली.

मामा : ती कधी होती, ते लक्षात ठेव. गुपित ऐकल्यावर कसंही वागलास तरी एकाचा विश्वास जातो. ऐकण्याआधी एक वाक्य बोलला असतास, तर कुणाचाच गेला नसता.

भाचा अंगणात जाऊन फोनवर बोलला. पार्टी आधी चिडली, मग विचार करून सांगते म्हणाली. त्याचे एका बाजूचे 1 लाख 60 हजार तिथेच गेले, दुसऱ्या बाजूचेही आता भरवशाचे नव्हते. आत येऊन त्याने किल्ली खिशात टाकली आणि नाशिकचा नंबर लावला.

घर विकायला किंवा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, टक्का किती? तो दुसरा असावा. पहिल्यांदा विचारावं, तू कुणाचा? आणि उत्तर येईपर्यंत आपला आकडा रुमालाखालीच ठेवावा.