विद्वानांचें स्वराज्य

विद्वानांच्या मंडळींत राज्यकारभाराची आवश्यकताच काय, असा प्रश्न अनेक सज्जनांच्या मनांत येतो. जेथें सर्वच समंजस व सर्वच सत्याचे उपासक, तेथें नियम कशाला, निवडणुका कशाला आणि अध्यक्ष तरी कशाला? प्रश्न भाबडा दिसला तरी टाकाऊ नाहीं, कारण त्याच्या पोटांत दुसरा व अधिक कठीण प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे 'पांचांमुखीं परमेश्वर' असें म्हणतात; पण शास्त्रांत पांचांच्या काय, पांच हजारांच्या मुखींहि परमेश्वर असेलच असें नाहीं. एका मनुष्यानें काळजीपूर्वक घेतलेलें एक माप सर्वांचें एकमत रद्द करूं शकतें. मग ज्यांच्या विद्येंत बहुमताला किंमत नाहीं, त्यांनीं आपला कारभार बहुमतानें चालवावा हें कसें जुळावें?

हा विचार अधांतरीं होऊं नये म्हणून आम्ही एका खऱ्या संस्थेकडे वळतों. अमेरिकन फिजिकल सोसायटी ही भौतिकशास्त्रज्ञांची सभा १८९९ सालीं न्यूयॉर्क येथें कोलंबिया विद्यापीठांत छत्तीस जणांनीं मिळून स्थापन केली. भौतिकशास्त्राच्या ज्ञानाची वाढ व प्रसार हा तिचा हेतु. तिचा प्लाझ्मा-भौतिकी विभाग १९५९ सालीं निघाला. वायु अतिशय तापला किंवा त्यांतून जोराचा विद्युत्प्रवाह गेला म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युद्भारित द्रव्यास अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. सूर्य व तारे त्याचेच बनलेले आहेत, आणि पावसाळ्यांत कडाडणारी वीजहि क्षणभर तीच वस्तु निर्माण करते. विश्वांत इतक्या विपुल असलेल्या द्रव्याचा अभ्यास करणारी मंडळी मात्र मोजकी आहे. त्यांची वार्षिक सभा दर शरदऋतूंत भरते, व तीस जगांतून दीड-दोन हजार अभ्यासक जमतात.

या विभागाचा जन्म एका मौनाच्या शेवटीं झाला, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. सूर्याच्या पोटांत हायड्रोजनच्या अणुगर्भांचा संयोग होऊन जी शक्ति उत्पन्न होते, ती पृथ्वीवर लगामांत धरतां येईल काय, याचे प्रयोग अमेरिका, ब्रिटन व रशिया या तिन्ही राष्ट्रांत १९५० नंतर जोरानें चालू झाले होते. प्रिन्स्टन येथें लायमन स्पिट्झर यांनीं १९५१ सालीं काम आरंभिलें. पण दरवाजे बंद होते. १९५५ च्या ऑगस्टमध्यें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधीं जिनिव्हा येथें पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा हे होते. ही शक्ति दोन दशकांत मनुष्याच्या ताब्यांत येईल असें भाकीत त्यांनीं अध्यक्षीय भाषणांत केलें, आणि ज्याचा उघड उच्चार होत नव्हता तो विषय जगापुढें आला. अखेर १९५८ च्या सप्टेंबरांत त्याच शहरीं दुसरी परिषद भरली, तेव्हां राष्ट्रांनीं आपापलीं यंत्रें व आपापल्या अडचणी एकमेकांस दाखविल्या. पुढच्याच वर्षीं हा विभाग स्थापन झाला.

गुप्ततेंत कारभार सोपा असतो. सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक. उघडेपणा आला म्हणजे तो अवघड होतो. सभेचे तास ठराविक, मग बोलावें कोणीं? मान थोडे, मग ते द्यावे कोणास? सरकारनें मत विचारलें तर सर्वांच्या वतीनें उत्तर काय द्यावें? बारकाईनें पाहतां हीं कामें सत्य ठरविण्याचीं नव्हेत. वेळ, मान व पैसा यांच्या वांटणीचीं आहेत. आमच्या शंकेचें अर्धें उत्तर येथें मिळतें. सत्य वांटून घ्यावें लागत नाहीं. तें एकास मिळालें म्हणून दुसऱ्याचें कमी होत नाहीं. सभेचा तास मात्र एकानें घेतला कीं दुसऱ्याचा जातो. जेथें वांटणी आहे तेथें मत घेणें न्याय्य आहे. जेथें वांटणी नाहीं तेथें मत घेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

पण हें अर्धेंच उत्तर झालें. वांटणी करणारास कोणतें काम अधिक मोलाचें हें ठरवावें लागतें, आणि तें ठरविण्यास त्या विषयाचें ज्ञान लागतें. ज्ञान कोणास असतें? जो त्या विषयांत काम करतो त्यास. आणि जो काम करतो त्याचा त्यांत स्वार्थ असतो. या शास्त्रांत कोणी प्लाझ्म्यास चुंबकाच्या क्षेत्रांत कोंडूं पाहतो, कोणी लेसरच्या माऱ्यानें इंधनाची गोळी दाबूं पाहतो, कोणी पृथ्वीभोंवतालच्या अवकाशाचा अभ्यास करतो, तर कोणी केवळ नियम शोधण्यांत रमतो. एकाच्या ताटांत अधिक पडलें तर दुसऱ्याच्या ताटांत कमी पडण्याचें भय सर्वांस असतें. न्याय करण्यास समर्थ तेवढे सारे पक्षकार, आणि जे पक्षकार नव्हेत ते न्याय करण्यास असमर्थ; विद्वानांच्या स्वराज्याची ही खरी नैतिक अडचण आहे.

ही अडचण आम्हीं स्वतः भोगली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका ग्रंथसंस्थेच्या पारितोषिक-समितीवर आम्ही होतों. आमच्या एका जिवलग स्नेह्याचा ग्रंथ विचारासाठीं आला. आम्हीं मोठ्या सचोटीचा आव आणून सांगितलें, "या ग्रंथाविषयीं आम्ही बोलणार नाहीं", आणि खुर्चीवर तसेच बसून राहिलों. इतर सभासद सभ्य होते. आमच्या देखत त्या ग्रंथाचे दोष काढणें त्यांस जड गेलें, आणि पारितोषिक त्यालाच मिळालें. त्या वर्षीं त्याहून सरस असा दुसरा ग्रंथ समितीपुढें होता, हें आम्हांस तेव्हांहि माहीत होतें. आम्हीं मत दिलें नव्हतें. पण आमचें तेथें बसणें हेंच मत होतें. त्या दुसऱ्या ग्रंथकारानें पुढें कांहीं लिहिलें नाहीं. याचें कारण तोच निकाल असें म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाहीं, परंतु तें नव्हे असें म्हणण्याचें धैर्यहि आम्हांस होत नाहीं.

मग यावर तोड काय? कारभार सर्वस्वीं सरकारच्या हातीं द्यावा असें कोणी म्हणतील. तो प्रयोग बंद दरवाजांच्या काळांत होऊन गेला आहे. १९५८ च्या जानेवारींत ब्रिटनच्या हार्वेल येथील 'झीटा' नांवाच्या यंत्रांत अणुगर्भांचा संयोग घडल्याची वार्ता मोठ्या गाजावाजानें प्रसिद्ध झाली. यंत्रांतून निघालेले न्यूट्रॉन हा त्याचा पुरावा म्हणून पुढें करण्यांत आला. पण ते न्यूट्रॉन इच्छिलेल्या उष्णतेचें फळ नव्हेत, हें थोड्याच महिन्यांत कबूल करावें लागलें. चूक करणारे शास्त्रज्ञ लहान नव्हते. पण जेथें परीक्षक मोजके व राष्ट्राची प्रतिष्ठा पणास लागलेली, तेथें मोठ्यांचीहि दृष्टि आशेकडे झुकते. उलट, निर्णय परक्यांच्या हातीं द्यावा म्हटलें तर परका मनुष्य निःपक्षपाती असला तरी ज्याच्या तोंडीं अधिक गोड भाषा त्याच्याकडे कौल देण्याचा संभव असतो. म्हणून पक्षकारांनींच न्यायाधीश व्हावयाचें, यास दुसरा मार्ग नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, त्यांच्यांतील पक्षकारास बांधून कसें ठेवावें.

या दृष्टीनें त्या विभागाची घटना पाहण्याजोगी आहे. सभासद दरवर्षीं उपाध्यक्ष निवडतात. तो एकदम अध्यक्ष होत नाहीं. एक वर्ष उपाध्यक्ष, दुसऱ्या वर्षीं नियोजित अध्यक्ष, तिसऱ्या वर्षीं अध्यक्ष आणि चौथ्या वर्षीं माजी अध्यक्ष, अशी ती चढण व उतरण आहे. चार वर्षें सेवा, पण खुर्ची एकच वर्ष. चिटणीस-खजिनदार व कार्यकारी मंडळाचे इतर निवडलेले सभासद यांच्याहि मुदती ठरलेल्या आहेत. या मांडणीचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, येथें अधिकारी मनुष्यास दोन्ही बाजूंनीं साक्षीदार असतात. पुढें जाऊन आलेला त्याच्या जवळ बसलेला असतो व मागून येणारा त्याचें काम पाहत असतो. आणि वर्ष संपतांच त्याला त्याच प्रयोगशाळेंत, ज्यांच्या अर्जांवर त्यानें निर्णय दिला त्यांच्याच शेजारीं, पुन्हां काम करावयाचें असतें. परत जाण्याची खात्री हा अधिकाराच्या मदावर फार जुना व फार गुणकारी उतारा आहे.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. वार्षिक सभेंतील निमंत्रित व्याख्यानें समिति निवडते, आणि तेथें नकार पुष्कळांस मिळतो. परंतु सामान्य सभासदानें आपल्या कामाचा सारांश पाठविला तर दहा-बारा मिनिटांचें भाषण किंवा भिंतीवरील तक्ता यांपैकीं कांहींतरी त्याच्या वांट्यास येतें, अशी या सभेची जुनी रीत आहे. निवडीचा दरवाजा अरुंद, पण बोलण्याचा दरवाजा रुंद. आमच्या मतें सर्व न्यायाचा पाया येथें आहे. समितीची चूक होणारच. पण जिला तिनें डावललें ती गोष्ट सभेपुढें मुळींच येऊं शकली नाहीं असें झालें, तरच ती चूक अन्याय होते. मानाच्या बाबतींत हें औषध चालत नाहीं, कारण मान सर्वांस देतां येत नाहीं. मॅक्सवेलच्या नांवाचें पारितोषिक १९७५ पासून दिलें जातें, व पहिलें स्पिट्झर यांस मिळालें. सोसायटीच्या 'फेलो' पदासाठीं एका वर्षांत एकंदर सभासदांच्या अर्ध्या टक्क्याहून अधिकांची निवड होत नाहीं. येथें एकच उपाय राहतो: ज्याचा स्नेही, शिष्य वा प्रतिस्पर्धी विचारासाठीं आला असेल त्यानें खोलीबाहेर जावें. नुसतें गप्प बसूं नये. गप्प बसण्याची किंमत आम्हीं वर सांगितलीच आहे.

सर्वांत मोठी कसोटी सरकारास सल्ला देण्याची. २०१९ ते २०२० या काळांत या विभागानें आपल्या शास्त्राच्या पुढील कामाची योजना सर्व अभ्यासकांच्या विचारानें ठरविण्याचा दीर्घ उद्योग केला, व त्याचा अहवाल २०२० च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झाला. सरकारच्या सल्लागार समितीनें पुढें त्याच पायावर आपली योजना उभारली. चुंबकवाले, लेसरवाले, अवकाशवाले एका पंक्तीस बसले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि अशा एकमताविषयीं आमच्या मनांत एक भीति आहे. विद्वान मंडळी एकमुखानें बोलली म्हणजे ऐकणारास वाटतें कीं हें शास्त्राचें वचन आहे. वस्तुतः तो शास्त्रज्ञांमधील तह असतो. तह हा सन्माननीय व पुष्कळदां आवश्यक असतो. पण तहास सत्याचें नांव देऊं नये, आणि ज्यानें तहावर मनापासून सही केली नाहीं त्यास फितुर समजूं नये. कदाचित् पुढच्या पिढीचें माप त्याच्याच बाजूनें पडेल.

अशा संस्थेच्या शब्दास वजन कोठून येतें, याचें एक उदाहरण त्याच सोसायटीच्या इतिहासांत आहे. आकाशांतून येणारीं अस्त्रें लेसर व कणांच्या झोतांनीं नष्ट करण्याच्या योजनेची अमेरिकेंत मोठी हवा असतांना, सोसायटीच्या अभ्यासमंडळानें १९८७ सालीं अहवाल दिला कीं, असलीं अस्त्रें परिणामकारक होतील कीं नाहीं हें ठरविण्यापुरतें ज्ञान मिळण्यासच एक दशक किंवा अधिक काळ लागेल. त्या मंडळाच्या दोन प्रमुखांपैकीं एक निकोलास ब्लूंबर्गन व दुसरे कुमार पटेल. पटेल यांचा जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलें. कार्बन-डाय-ऑक्साइड लेसरचा शोध त्यांनींच लाविला. १९९५ सालीं ते सोसायटीचे अध्यक्ष झाले. ज्यानें स्वतः लेसर घडविला त्यानेंच लेसरच्या मर्यादा सांगाव्या, यांत त्या अहवालाचें नैतिक बळ आहे. पक्षकार न्यायाधीश होऊं शकतो. मात्र आपल्या पक्षाविरुद्ध निकाल देण्याची त्याची तयारी पाहिजे.

भाभांचें वीस वर्षांचें भाकीत खरें ठरलें नाहीं. अध्यक्षपद भाकिताला बळ देऊं शकत नाहीं, हें त्या थोर पुरुषाच्या उदाहरणानें सिद्ध झालें. पुढें २०२२ च्या ५ डिसेंबरला कॅलिफोर्नियांत लिव्हरमोर येथें २.०५ मेगाजूल लेसरशक्ति इंधनाच्या गोळीच्या लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाजूल शक्ति बाहेर आली. ही लेसरची शक्ति निर्माण करण्यास यंत्रास याहून कितीतरी अधिक वीज लागली, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या मापांतला एक जूलहि कोणत्या समितीच्या ठरावानें वाढला नसता किंवा घटला नसता. पण तो प्रयोग होण्यापूर्वीं साठ वर्षें कोणास बोलूं द्यावें, कोणास उत्तेजन द्यावें, कोणाची शंका नोंदवून ठेवावी, हें कोणीतरी समित्यांच्या कंटाळवाण्या बैठकींत बसून ठरवीतच होतें.

म्हणून आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. विद्वानांस कारभार लागतो, तो सत्य शोधण्यास नव्हे. उद्यां ज्याच्या हातीं सत्य लागेल तो आज सभेबाहेर राहूं नये म्हणून. जो अध्यक्ष वर्ष संपल्यावर मागें वळून पाहतांना आपण कोणास पुढें आणलें हें मोजतो, त्यानें अर्धाच हिशेब केला. आपण ज्यास पटत नव्हतों त्यास बोलावयास जागा ठेविली कीं नाहीं, हें त्यानें स्वतःस विचारावें. आणि त्याचें उत्तर देतांना मन किंचित् अडखळलें, तर पुढच्या बैठकीस कोणत्या वेळीं उठून बाहेर जावयाचें, हें त्यास कोणी सांगावें लागणार नाहीं.