काट्याचे प्रामाण्य

ज्या साधनाने एखादी गोष्ट यथार्थ कळते त्याला भारतीय तर्कशास्त्रात ‘प्रमाण’ म्हणतात आणि जी गोष्ट कळते तिला ‘प्रमेय’. परंतु प्रमाण म्हणून मानलेले साधनच चुकू लागले, तर ते चुकते आहे हे कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न या शास्त्राच्या मुळाशी आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात तो अत्यंत धारदारपणे मांडला. सर्व वस्तू प्रमाणांनी सिद्ध होत असतील, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे, तर अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी आधारांची मालिका, ओढवते. आणि आधारावाचून म्हणावे, तर सर्व काही प्रमाणांनीच सिद्ध होते हा मूळ सिद्धान्त मोडतो.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि व्हाइटफील्डच्या वाटेवरील संगणक कंपन्यांच्या इमारती शेजारीशेजारी आहेत, आणि तेथे माल पोहोचवणाऱ्या पिकअपच्या चालकाला टाकीतले डिझेल डोळ्यांनी दिसत नाही. त्याला दिसतो तो समोरच्या फलकावरचा काटा. काटा पाव टाकी दाखवत असताना इंजिन बंद पडले, तर गाडी भर रहदारीत अडते, आणि पुन्हा डिझेल भरल्यावरही नळ्यांत शिरलेली हवा काढल्याशिवाय इंजिन बहुधा सुरू होत नाही. काट्यावर ठेवलेल्या विश्वासाची किंमत अशी प्रत्यक्ष मोजावी लागते.

काटा स्वतः इंधन पाहत नाही. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा पोकळ तुकडा, असतो. तो वर-खाली झाला की दांडीला जोडलेला स्पर्शक विद्युतरोधाच्या पट्टीवर सरकतो आणि त्या बदलत्या रोधानुसार काटा हलतो. या जोडणीला सेंडर म्हणतात. चालक काट्यावरून इंधनाविषयी जे जाणतो ते म्हणूनच प्रत्यक्ष ज्ञान नसून अनुमान आहे, आणि फ्लोटला भोक पडले, पट्टी झिजली किंवा अर्थिंगच्या जोडावर गंज चढला, तर डोळे निर्दोष असूनही ते अनुमान खोटे ठरते.

ज्ञान खोटे कसे ठरते, याचा मीमांसक कुमारिल भट्टाने केलेला विचार येथे थेट उपयोगी पडतो. त्याच्या मते ज्ञान उत्पन्न होताच स्वतःच प्रमाण मानले जाते. ते नाकारायचे झाल्यास दोनच कारणे चालतात. एक बाधक ज्ञान, म्हणजे पहिल्याला खोडून काढणारे दुसरे ज्ञान. आणि दुसरे कारणदोष, म्हणजे ज्ञान ज्यातून उपजले त्या साधनातच आढळलेली खोट. पाव टाकी दाखवूनही इंजिन बंद पडणे हा बाध होय, परंतु बाधामुळे काहीतरी चुकले एवढेच कळते. नेमके कोठे चुकले, हे कारणदोषाचा शोध घेतल्यावरच कळते.

तो शोध कुशल इलेक्ट्रिशियन क्रमाने घेतो. जुन्या, साध्या रचनेच्या गाडीत तो सेंडरची वायर टाकीपाशी सोडवतो, तेव्हा काटा एका टोकाला जातो; तीच वायर क्षणभर चासीला टेकवली की काटा दुसऱ्या टोकाला जातो. काटा असा पूर्ण फिरला, तर काटा आणि वायर निर्दोष ठरतात आणि संशय सेंडरवर व त्याच्या अर्थिंगवर येतो. मग सेंडर बाहेर काढून, दांडी हाताने सावकाश उचलत मल्टिमीटरवर रोध पाहिला जातो. तो सलग बदलण्याऐवजी एखाद्या जागी एकाएकी तुटला, तर पट्टी तेथेच झिजलेली असते. अर्थिंगचा जोड घासून स्वच्छ केल्यावर किंवा सेंडर बदलल्यावर रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर डिझेल ओतून काटा तपासावा लागतो, कारण टाकीचा आकार सर्वत्र सारखा नसल्याने अर्धी उचललेली दांडी म्हणजे अर्धी टाकी असेलच असे नाही.

येथे नागार्जुनाचा प्रश्न परत उभा राहतो: पाच लिटर खरोखर पाचच आहेत कशावरून? पंपाचे माप पाच लिटरच्या प्रमाणित भांड्याने तपासले जाते, आणि ते भांडे वैधमापन यंत्रणेच्या मापांशी ताडून मुद्रांकित केलेले असते. न्यायदर्शनाच्या ‘न्यायसूत्र’ या मूळ ग्रंथात याच प्रसंगासाठी तराजूचा दृष्टान्त आहे: सोने तोलताना तराजू प्रमाण असतो, पण वजन ठाऊक असलेल्या सोन्याने त्याचीच पारख केली, की तो प्रमेय होतो. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या कायमच्या जाती नाहीत. त्या प्रसंगानुसार पार पाडलेल्या भूमिका आहेत. प्रत्येक साधन केव्हा ना केव्हा तपासता येते, परंतु सर्व साधने एकाच वेळी संशयाखाली आणता येत नाहीत, कारण काट्यावर संशय घेण्यासाठीही मल्टिमीटरवर विश्वास ठेवावाच लागतो. म्हणून एक काटा चुकला एवढ्यावरून ज्ञानच अशक्य आहे असे निष्पन्न होत नाही. उलट, काट्याची चूक उघडकीस आली हेच ज्ञान शक्य असल्याचे गमक आहे.

तरीही एक भाग उरतो आणि तोच सर्वांत गंभीर आहे. ‘न्यायसूत्रा’चा भाष्यकार वात्स्यायन ‘आप्त’ त्याला म्हणतो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे. काटा आप्तासारखा वापरला जातो, पण त्याला खरे सांगण्याची इच्छा असू शकत नाही. ती इच्छा त्याला घडवणाऱ्याच्या, दुरुस्त करणाऱ्याच्या आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याच्या ठायी असावी लागते. काटा खोटा आहे हे ठाऊक असून गप्प राहणारा मालक पुढच्या चालकाशी एक शब्दही न बोलता असत्य बोलतो, आणि जो तो काटा वेळेवर दुरुस्त करतो, तो आपले सत्य अनोळखी माणसापर्यंत पोहोचवतो.