थांबण्याचं बळ दे

हे पांडुरंगा, विटेवर उभ्या मायबापा,

उत्तरेकडची सुगी आटोपली. आयर्लंड, ब्रिटन, डेन्मार्कमधल्या शेतांतून गहू उचलला गेला, यंत्रं धुऊन-पुसून शेडमध्ये लागली आणि विशी-पंचविशीतली पोरं-पोरी पाठीला पिशव्या लावून विमानात बसली. तिकडे दक्षिण गोलार्धात आता काढणीचे दिवस आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरात जेराल्टनच्या बाजूला गहू कापायला येतो आणि सुगी खाली खाली सरकत दक्षिण किनाऱ्यावरच्या एस्परन्सला पोचते. न्यूझीलंडमध्ये त्याच महिन्यांत मुरघासासाठी गवत कापण्याची धांदल असते. स्वतःची यंत्रं घेऊन या शेतावरून त्या शेतावर जाणारे ठेकेदार तिथे आहेत, आणि त्या यंत्रांवर बसायला त्यांना दरवर्षी बाहेरून हात लागतात.

देवा, या सगळ्यांसाठी तुझ्यापुढे हात जोडले आहेत. यातली बहुतेक मुलं आमच्या मुलखातली नाहीत. पण दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या यंत्रावर, हंगामापुरतं राबणं म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. आणि 2024 पासून ऑस्ट्रेलियानं 18 ते 30 वर्षांच्या भारतीयांनाही वर्षाला 1,000 जागांपुरता काम आणि सुटीचा व्हिसा सोडतीनं खुला केला आहे. उद्या त्या शिवारात आमच्या तालुक्याचं पोर असेल. म्हणून आजच मागणं मांडतो.

आधी तुझे आभार मानतो. अनोळखी देशात उतरून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढायचं धाडस तू त्यांना दिलंस. हार्वेस्टरला तिकडे हेडर म्हणतात. तो 12 मीटर रुंदीचा पट्टा कापत जातो, आणि त्याच्या बरोबरीनं, त्याच वेगानं, चेझर बिन नावाची धान्याची भलीमोठी गाडी ओढत एक ट्रॅक्टर धावतो. हेडर न थांबता तिच्यात गहू ओततो. बिन भरली की बांधाशी उभ्या ट्रकमध्ये ती रिकामी करायची आणि पुन्हा हेडर गाठायचा. नवख्या पोराच्या वाट्याला बहुधा हाच ट्रॅक्टर येतो. दोन यंत्रांमधलं अंतर नजरेनं तोलत दिवसभर चालवायला अंगात कसब लागतं. ते कसब तुझी देणगी आहे.

पण देवा, ही सारी व्यवस्था कुणी थांबू नये म्हणूनच रचलेली आहे. गव्हातला ओलावा 12.5 टक्क्यांच्या वर गेला की कोठारावर तो घेत नाहीत. म्हणून हवा कोरडी आहे तोवर, रात्री दव पडेपर्यंत, चाकं फिरत राहतात. उभ्या पिकावर पाऊस झाला तर दाणा ओंबीतच मोडावतो आणि भाव पडतो. मालकाची घाई खोटी नसते. अवकाळीचा ढग दिसला की काढणीला आलेल्या गव्हासाठी आमच्या घरांतही रात्रभर दिवे जळतात. त्यामुळे काम हलकं कर, असं आम्ही मागत नाही. त्यांना थांबायची वेळ ओळखता यावी आणि त्या वेळी थांबण्याचं बळ मिळावं, एवढंच मागतो.

डोळे मिटू लागले तर रेडिओवर ‘मला झोप येतेय’ हे सांगायची लाज त्यांना वाटू देऊ नकोस. रात्री मुक्कामाला परतताना कांगारू आडवे येणाऱ्या त्या लांब, निर्मनुष्य रस्त्यावर गाडी कडेला घेऊन डुलकी काढायची बुद्धी त्यांना दे.

यंत्रात पेंढा अडकला तर हात घालण्याआधी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची सवय त्यांच्या अंगी बाणव. मळणी यंत्रात हात गमावलेली माणसं आमच्या गावांनी पाहिली आहेत. दोन मिनिटं वाचवायला गेलेला माणूस जन्माचा अधू होतो. धान्य ओतणारा ऑगर वर उचलताना डोक्यावरच्या विजेच्या तारा त्यांना आधी दिसू देत. धान्याच्या कोठीत खालून गहू सुटलेला असताना वर कुणाला उतरू देऊ नकोस. त्यात माणूस काही क्षणांत रुततो आणि ओढून निघत नाही.

वाऱ्याच्या दिवशी त्यांना सांभाळ. वाळल्या पिकात तापलेल्या यंत्रावर भुसा साचला की ठिणगीला निमित्त पुरतं. म्हणून तिथे ऊन आणि वारा हाताबाहेर गेले की स्थानिक कौन्सिल काढणीवरच बंदी पुकारतं. त्या दिवशी पीक तयार असलं, आकाश निरभ्र असलं, तरी हेडर उभा राहतो. ही बंदी सर्वांना मनापासून पाळता येऊ दे.

आणि देवा, 17 नोव्हेंबर 2015 हा दिवस आम्हाला विसरू देऊ नकोस. वीज पडून लागलेला वणवा त्या दिवशी वाऱ्यावर स्वार होऊन एस्परन्सच्या उत्तरेला स्कॅडनच्या शेतांवरून धावला. सुगीचे दिवस होते. चार माणसं गेली. शेजाऱ्यांना सावध करत फिरणारा एक शेतकरी, आणि तिथल्या शेतावर काम करणारे तिघं परदेशी तरुण: नॉर्वेची एक मुलगी, जर्मनीची एक मुलगी, ब्रिटनचा एक मुलगा. निसटू पाहताना आगीनं त्यांना गाठलं. त्या चौघांना तुझ्या पायांशी ठेव. समुद्रापार त्यांच्या आईवडिलांनी जे सोसलं, ते आणखी कुणाच्या वाट्याला आणू नकोस. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी दाखवलं जाऊ दे: पाण्याची टाकी कुठे आहे, बाहेर पडायची वाट कोणती, 000 या नंबरवर काय सांगायचं.

देवा, घरातून निघण्याआधीही थांबायचं बळ लागतं. ते आमच्या मुलांना दे. अमेरिकेत टेक्ससपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत गव्हामागे चालत जाणारी हार्वेस्टरवाल्यांची पथकं आहेत. दक्षिण आफ्रिकेतली कितीतरी मुलं तिथे एच-2ए व्हिसावर जातात. तो व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालकानं राहायला जागा द्यावी, करार पुरा केल्यावर परतीचं भाडं द्यावं, आणि भरतीचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असं तिथला कायदा सांगतो. कायदा कागदावर असतो आणि पोर एकटं असतं. म्हणून कराराचा कागद वाचायला त्याला सवड दे, वाचून दाखवणारा माणूस दे.

आमच्याकडे ऊसतोडीची उचल किती पिढ्या गिळते, हे तू बीडच्या वाटेवर बघतोस. आधी पैसा अंगावर घेतलेला माणूस मध्येच काम सोडू शकत नाही. परदेशाच्या नावानं तेच कर्ज आमच्या पोरांच्या अंगावर चढू देऊ नकोस. आपल्याकडच्या 1983 च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते आणि जीएसटी सोडून 30,000 रुपयांपेक्षा जास्त मेहनताना त्याला घेता येत नाही. जमीन गहाण टाकायला लावून दहा लाख मागणारा समोर बसला असेल, तर आमच्या पोराला तिथून उठण्याचं बळ दे. पासपोर्ट कुणी ताब्यात मागितला, तर नाही म्हणण्याचं बळ दे.

विठ्ठला, थांबण्यात कमीपणा नाही, हे तू स्वतः दाखवलंस. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्यानं वीट पुढे सारली आणि तुला थांब म्हटलं. तू रागावला नाहीस, त्याचं काम काढून घेतलं नाहीस. जगाचा मालक एका तरुणाच्या शब्दावर उभा राहिला. तीच समज यंत्रांच्या मालकांना आणि ठेकेदारांना दे. बाहेरून आलेलं पोर ‘थांबू या’ म्हणालं, तर त्यांना त्यात आळस दिसू नये. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी 1933 साली धान्य साठवायला स्वतःची सहकारी संस्था उभी केली, ती सीबीएच आजही चालते. एकट्या शेतकऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. एकट्या मजुराचंही ऐकलं जावं, एवढं मोठं मन त्यांना दे. चुकलेल्यावर ओरडण्याआधी शिकवणारा फोरमन दे, दोन वेळचं गरम जेवण दे, ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी हातात पडू दे.

शेवटचं मागणं आमच्यासाठी, घरी राहिलेल्यांसाठी. परदेशातून फोन आला की ‘किती जमले?’ हा प्रश्न आमच्या ओठांवर आधी येतो. त्याआधी ‘झोपलास का? जेवलीस का? काम जपून करता ना?’ हे विचारायची बुद्धी आम्हाला दे. आणि पोर म्हणालं, ‘आई, इथं ठीक नाही, मी परत येतो,’ तर कर्जाचा, गावाचा, लोकांच्या बोलण्याचा विचार न करता ‘ये’ म्हणण्याचं बळ आम्हाला दे.